विदूषकाची सही आणि बहुरूप्याची मिशी

गायक गेला तरी त्याचे गाणे तबकडीवर राहते. लेखकाचे पुस्तक कपाटात राहते, शिल्पकाराचा पुतळा चौकात उभा राहतो. हसवणाऱ्या माणसाचे मागे काय राहते? चित्रफीत राहते, हे खरे. पण तिच्यातला हशा त्या दिवशीच्या माणसांचा असतो. विनोद हा नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये घडतो आणि तिथेच संपतो. त्यामुळे अशा एखाद्या माणसाने हातात कुंचला घेतला आणि चित्र काढले, की चाहत्यांना एकदम काहीतरी हाताला लागल्यासारखे वाटते. हे भिंतीवर टांगता येते, मुलाबाळांना देता येते, विकताही येते. जगात विनोदी नटांच्या चित्रांचा स्वतंत्र बाजार उभा राहिला, त्याचे मूळ या भावनेत आहे.

या बाजाराचा विचार मी वाशीमसारख्या ठिकाणी बसून का करावा, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. नोकरीच्या काळात आणि नंतरही जुनी छापील चित्रे, कॅलेंडरे, नाटकांची हँडबिले गोळा करण्याचा नाद मला जडला. हे माहीत असलेल्या, आता अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, रेड स्केल्टनच्या विदूषकाचे चित्र विकायला आहे. घेऊ का?’ एका वाक्याच्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येईना. उत्तर शोधताना जे वाचले, जे पाहिले आणि शेवटी आमच्या वऱ्हाडाविषयी जे सुचले, ते या लेखात मांडतो आहे.

एक हजार विदूषक

रेड स्केल्टन हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. अमेरिकेत मात्र १९५१ ते १९७१ अशी वीस वर्षे दूरचित्रवाणीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम चालू होता. त्याचा जन्म १९१३ सालचा, इंडियाना राज्यातल्या विन्सेन्स या गावचा. वडील हॅगनबेक-वॉलेस सर्कशीत विदूषक होते आणि मुलगा जन्मण्याच्या दोनेक महिने आधीच ते वारले. म्हणजे ज्या माणसाने पुढे हजार विदूषक रंगवले, त्याने घरातला पहिला विदूषक कधी पाहिलाच नाही. लहानपणी त्याने रस्त्यावर वर्तमानपत्रे विकली. मग तो औषधे विकणाऱ्यांच्या फिरत्या खेळात शिरला. आपल्या आठवडी बाजारात जडीबुटीवाला गर्दी जमवण्यासाठी आधी जे दोन-चार खेळ करून दाखवतो, त्याच जातीचा तो प्रकार. तिथून नाट्यगृहे, नभोवाणी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी असा त्याचा प्रवास झाला.

त्याच्या चित्रकलेच्या सुरुवातीची हकिगत त्याच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. १९४३ च्या सुमारास शिकागोच्या एका मोठ्या दुकानात त्याने एक चित्र पाहिले. त्याच्या मते ते नुसते रंगाचे डाग होते. किंमत विचारली तेव्हा विक्रेत्याने ऐकवले, की दहा हजार डॉलरलासुद्धा ते मिळणार नाही. त्यावर हा म्हणाला, की दहा हजार डॉलर बाळगून असूनही हे चित्र न घेणाऱ्या मोजक्या माणसांपैकी मी एक आहे. आणि त्याने चित्राऐवजी रंग-कुंचले विकत घेतले. पुढची वीस वर्षे हा घरातला छंद होता. त्याची पत्नी जॉर्जिया कलाशाळेत शिकलेली होती. तिच्या आग्रहावरून १९६४ मध्ये लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात, जिथे त्याचे खेळ चालू होते तिथेच, चित्रे प्रथम लोकांसमोर मांडली गेली. ती खपली. मग लिथोग्राफ निघाले, टपालाने प्रती पाठवण्याचा व्यवसाय निघाला, कलादालनांना विक्रीचे हक्क देण्यात आले. लिथोग्राफांतून वर्षाला पंचवीस लाख डॉलर मिळतात, असा अंदाज त्याने स्वतःच एकदा सांगितला होता. १९९७ मध्ये तो गेला तेव्हा हजाराहून अधिक तैलचित्रे मागे होती आणि मूळ चित्राची किंमत ऐंशी हजार डॉलरपासून पुढे होती. त्याची चित्रे विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या मते, दूरचित्रवाणीपेक्षा चित्रांतच त्याने जास्त पैसा मिळवला.

एवढे झाल्यावर चित्रांकडे चित्रे म्हणून पाहायला हवे. मी पाहिली ती छापील प्रतींतून आणि पडद्यावर. त्यामुळे रंगाच्या थराविषयी बोलत नाही, रचनेविषयी आणि भावाविषयी बोलतो. बहुतेक चित्रांत एकच चेहरा, तोही जवळून घेतलेला. पांढरे रंगवलेले तोंड, लाल नाक, चेपलेली टोपी, मागे मोघम रंगाचा पडदा. काही चेहरे त्याच्याच ‘फ्रेडी द फ्रीलोडर’ या भटक्या पात्राचे. हात सराईत आहे. हनुवटीवरची दाढीची काजळी, कपड्यांच्या चुण्या, टोपीची मोडलेली कड हे सगळे ओळखीच्या माणसाने काढावे तसे काढले आहे. चेहरा रंगवायचा म्हणजे काय, हे रोज आरशासमोर बसणाऱ्या नटाला ठाऊक असणारच. विदूषकाच्या रंगाखाली खरी त्वचा कुठे सुरू होते, ती रेषा त्याला बरोबर सापडते.

अडचण डोळ्यांपाशी येते. हे डोळे जवळजवळ नेहमी ओलसर, चमकते आणि थेट आपल्याकडे पाहणारे. चित्रासमोर उभे राहताच ते सांगतात: ‘मी हसवतो, पण आतून दुःखी आहे.’ पहिल्या चित्रात हे भिडते. पाचव्यात सवयीचे होते. पन्नासाव्यात आपल्याला वाटू लागते, की आपल्या वाट्याचे दुःखसुद्धा चित्रकाराने आधीच करून ठेवले आहे. आपल्याला करायला काही उरलेले नाही.

विदूषक रंगवणारा तो काही पहिला नव्हे. वातो या फ्रेंच चित्रकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या कपड्यातला पियेरो रंगवला, तो आज लूव्र संग्रहालयात आहे. हात दोन्ही बाजूंना सोडून तो नुसता उभा आहे. दुःखी आहे की कंटाळला आहे, की पुढचे वाक्य विसरला आहे, हे चित्रकार सांगत नाही. रुओच्या विदूषकांच्या जाड काळ्या रेषांत चेहरा जवळजवळ कोंडला गेलेला असतो. हे दोघे विदूषकाला बाहेरून पाहणारे होते, म्हणून त्यांनी न कळणाऱ्या भागाला न कळणारे राहू दिले. स्केल्टन आतून पाहत होता; त्याने सगळेच सांगून टाकले.

याची विशेष खंत वाटते, कारण याच माणसाचे रंगमंचावरचे मोठेपण याच्या नेमके उलट होते. तो मुकाभिनयात वाकबगार होता. त्याच्या कार्यक्रमात न बोलता करायचा एक भागच असे. मुकाभिनयात हातात पेला नसतो, समोर दार नसते. नट बोटे वळवतो आणि पेला प्रेक्षक आणतो. दार आपण उघडतो आणि तो त्यातून आत येतो. चित्रकलेमुळे खेळातल्या नसलेल्या वस्तू डोळ्यांसमोर आणायला मदत होते, असे स्केल्टन सांगत असे. हे मला त्याच्या चित्रांविषयीचे सर्वांत महत्त्वाचे विधान वाटते. रंगवणे ही त्याची तालीम होती. तालमीत सगळे लख्ख मांडायचे, प्रयोगात वगळायचे. कॅनव्हासवर आपल्यापुढे येते ती तालीम. प्रयोग येत नाही.

तरीही ही चित्रे सरसकट उडवून लावणे मला जमले नाही. नेहमी विदूषकच का, असे विचारल्यावर तो आधी म्हणाला, ‘माहीत नाही.’ मग थोडे थांबून त्याने दुरुस्ती केली, की माहीत आहे, पण त्याचा विचार करायची इच्छा नाही. न पाहिलेला बाप आणि १९५८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेलेला नऊ वर्षांचा मुलगा, या दोन गोष्टी चरित्रात आहेत. त्यांचा चित्रांशी सरळ धागा जोडण्याचा अधिकार मला नाही. पण हजार वेळा एकच चेहरा रंगवणारा माणूस केवळ बाजारासाठी रंगवत होता, हेही पटत नाही. त्यातली निदान वीस वर्षे बाजार नव्हताच.

छापील की हातचे?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा व्यवहारी भाग. ‘स्केल्टनचे चित्र’ या नावाखाली बाजारात अनेक वस्तू मिळतात: मूळ तैलचित्र, क्रमांक टाकून सही केलेला लिथोग्राफ, छापलेली शाई कॅनव्हासवर उतरवून चित्रासारखी दिसणारी प्रत, साधी छापील पोस्टरे, आणि चित्र उमटवलेल्या शोभेच्या बशासुद्धा. लांबून पाहता पहिली आणि तिसरी वस्तू सारखीच दिसते. जवळून पाहिले तर कॅनव्हासची वीण आणि रंगाचा थर यांचे जमत नाही. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात. कुंचल्याचा फटकारा दिसतो तिथे बोटाला उंचवटा लागत नाही. खाली कोपऱ्यात दोन आकडे तिरक्या रेघेने लिहिले असतील, तर दुसरा आकडा आधी वाचावा. किती प्रती काढल्या हे तो सांगतो. पाच हजारांच्या आवृत्तीतली एक प्रत दुर्मीळ म्हणून विकणारा माणूस विनोदी नट नसला तरी विनोद करतो आहे, हे ओळखावे.

सही हा निराळाच मामला आहे. पुष्कळ संग्राहक चित्र घेतात ते सहीसाठी. सही म्हणजे तो माणूस या कागदाजवळ बसला होता, याचा पुरावा. यात मला काही गैर वाटत नाही, आपणही पु. लं.ची सही असलेले पुस्तक वेगळ्या कपाटात ठेवतो. फक्त आपण काय घेतले, याची जाणीव असावी. सहीसाठी घेतले असेल तर ती आठवण आहे. आठवणीला आठवणीची किंमत द्यावी, चित्राची देऊ नये.

छापील म्हणजे हलके, असेही मला म्हणायचे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचल्या. आमच्या भागातही जुन्या वाड्यांच्या देवघरांत ही चित्रे काचेत जडवलेली होती, कुठे कुठे लक्ष्मीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. चित्रकलेतल्या जाणत्यांनी दीर्घकाळ त्यांना ‘कॅलेंडरची चित्रे’ म्हणून नाक मुरडले. आज तीच संग्रहालयांत आहेत. त्यांची किंमत वाढली ती सहीमुळे नव्हे. ती किती घरांत गेली, त्यांच्यापुढे किती जणांनी हात जोडले, हाच त्यांचा इतिहास झाला. स्केल्टनच्या छापील विदूषकांचेही पुढे असे होऊ शकते. एका पिढीने आपल्या दिवाणखान्यात काय टांगले, याचा तो पुरावा असेल. पण तेव्हा तो संग्रह स्केल्टनचा राहणार नाही. त्या दिवाणखान्यांचा होईल.

बिनमिशीचा लक्ष्मणप्रसाद

या विषयाची आपल्या घरची बाजू म्हणजे अमोल पालेकर. त्यांना निव्वळ विनोदी नट म्हणणे अपुरे आहे, हे मान्य. पण ‘छोटी सी बात’ आणि १९७९ चा ‘गोलमाल’ यांमुळे कोट्यवधी लोकांच्या मनात त्यांचे नाव हशाशी जोडलेले आहे. हे पालेकर मुळात मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. नट होण्याआधी ते चित्रे काढत होते, आणि अभिनय-दिग्दर्शनाच्या लांब वळणानंतर पुन्हा चित्रांकडे वळले. त्यांची चित्रे अमूर्त आहेत: रंग, पोत, अवकाश.

‘गोलमाल’ आठवून ती चित्रे पाहायला जाणाऱ्याची पंचाईत होते. तिथे रामप्रसाद नाही, लक्ष्मणप्रसाद नाही, उत्पल दत्तांचा भवानीशंकर नाही. स्केल्टनच्या चित्रात शिरायला त्याचा चेहरा हेच दार आहे. पालेकरांनी ते दार बंद ठेवले. नट म्हणून मिळालेली ओळख चित्रात वापरायची नाही, हा त्यांच्या चित्रांचा पहिला निर्णय आहे असे मला वाटते, आणि तो सोपा नाही. ओळखीचा चेहरा रंगवला असता तर प्रसिद्धी आणि गिऱ्हाईक दोन्ही आयते होते.

‘गोलमाल’मधला भवानीशंकर माणसाची लायकी मिशीवरून ठरवतो. मिशी आहे तो सज्जन, मिशी नाही तो उडाणटप्पू. माणूस मात्र एकच. संग्राहकांत भवानीशंकर पुष्कळ असतात. चित्रावर नावाची मिशी दिसली की त्यांना चित्र सज्जन वाटते. पालेकरांच्या चित्रापुढे उभे राहताना ‘हे नाव नसते तर मी इथे किती वेळ थांबलो असतो?’ असा प्रश्न विचारणे हा चांगला सराव आहे. स्केल्टनपुढेही तो विचारावा. मी विचारून पाहिला. स्केल्टनच्या बहुतेक चित्रांपुढे मी फार वेळ थांबलो नाही. जिथे चेहरा अर्धवट अंधारात आहे किंवा नजर दुसरीकडे वळली आहे, तिथे थांबलो.

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात. झीरो मोस्टेल हा अमेरिकन विनोदी नट आधी चित्रकारच होता. मंदीच्या काळात सरकारी कलायोजनेत तो संग्रहालयांतून चित्रांवर व्याख्याने देई. ती व्याख्याने इतकी हसवणारी होऊ लागली, की त्यातून १९४२ मध्ये तो रंगमंचावर आला. म्हणजे तिथे चित्रांतून विनोद जन्मला. जपानचा ताकेशी कितानो हा जोडीने विनोद करणारा कलावंत १९९४ मध्ये मोटारसायकलच्या अपघातातून वाचला आणि बरे होताना चित्रे काढू लागला. त्याच्या ‘हाना-बी’ या १९९७ च्या चित्रपटात चाकाच्या खुर्चीला खिळलेला एक पोलीस चित्रे काढू लागतो. डोक्याच्या जागी फूल असलेले प्राणी त्यात दिसतात. ती चित्रे कितानोचीच. ती हसवतात की रडवतात हे ठरवता येत नाही, आणि म्हणून ती लक्षात राहतात. चित्रकाराने पाहणाऱ्यासाठी थोडी जागा सोडली आहे. मुकाभिनयातला पेला इथे कॅनव्हासवर उतरला.

विन्सेन्स, कोल्हापूर आणि आपण

स्केल्टनची चित्रे जगभर विखुरली, तरी त्याची आठवण एका जागी नांदते आहे. विन्सेन्स हे गाव वाशीमसारखेच, महानगरापासून दूर, जुना इतिहास सांगणारे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २००६ मध्ये त्याच्या नावाचे नाट्यगृह झाले आणि जन्मशताब्दीला, २०१३ मध्ये, संग्रहालय. त्याची पत्नी लोथियन हिने त्याच्या वस्तू तिथे दिल्या. आपल्या गावच्या हसवणाऱ्या पोराचे असे कौतुक करावेसे वाटले, ही गोष्ट मला ऐंशी हजार डॉलरपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे याचे एक फार चांगले उदाहरण कोल्हापुरात आहे. चंद्रकांत मांडरे हे मराठी चित्रपटाचे देखणे नायक. विनोदी नट नव्हेत. पण बाबुराव पेंटरांच्या तालमीत वाढलेला हा नट जन्मभर निसर्गचित्रे काढत राहिला. कोरडी रंगपूड बोटाने घासून करायच्या पावडर शेडिंगमध्ये त्यांचा हात विशेष होता. राजारामपुरीतले आपले घर आणि चित्रे त्यांनी सरकारच्या हवाली केली आणि तिथे संग्रहालय झाले. चित्रे सुटी-सुटी विकली असती तर प्रत्येक भिंतीवर ‘चंद्रकांतचे चित्र’ टांगले गेले असते. एकत्र राहिल्यामुळे माणसाची नजर दिसते: कोणत्या वेळचा प्रकाश त्याला आवडायचा, कोणत्या झाडापाशी तो पुन्हा पुन्हा आला. संग्रहाचा खरा अर्थ इथे कळतो. एका चित्राने मालकी सिद्ध होते. अनेक चित्रे शेजारी-शेजारी ठेवली, की माणूस कळतो.

आणि जपणूक आमच्या जिल्ह्याला परकी नाही. कारंजाच्या जैन मंदिरांतील भांडारांनी शेकडो वर्षे हस्तलिखिते सांभाळली. मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या अपभ्रंश ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष गेले. पुढे कारंजाच्याच नावाने ग्रंथमाला निघाली. कापडात बांधलेल्या त्या पोथ्या कोणी तरी दर पिढीला उघडून, झटकून, पुन्हा बांधून ठेवल्या, म्हणून हे झाले. जे जपण्यासारखे वाटले ते आम्ही जपले. हसवणाऱ्याच्या हातचे जपण्यासारखे कधी वाटले नाही, एवढेच.

रायरंदाची पेटी

वऱ्हाडात विनोद करणारे कमी नव्हते. पोळ्याला बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हणणारे होते, दंडारीतली सोंगे होती, आणि गावोगाव फिरणारा बहुरूपी होता. त्याला इकडे रायरंद म्हणतात. सकाळी दारात फौजदार उभा राहायचा. खाकी कपडे, छातीवर बिल्ले, हातात वही. ‘तुमच्या नावाचं वारंट हाय!’ असे तो गरजला की नव्या सुनेचे हातपाय गळायचे आणि सासू पदराआड हसायची. दुसऱ्या दिवशी तोच डॉक्टर, तिसऱ्या दिवशी तोच वकील. मग पसाभर ज्वारी, एखादे जुने धोतर.

आमच्या तालुक्यातल्या एका वृद्ध रायरंदाने काही वर्षांपूर्वी मला आपली पत्र्याची पेटी उघडून दाखवली. तिच्यात केसांच्या तीन मिश्या होत्या, तिन्ही त्याने स्वतः कापडाच्या पट्टीवर शिवलेल्या: एक फौजदाराची, एक सावकाराची, एक पाटलाची. पुठ्ठ्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवून केलेले बिल्ले होते. आणि एक वही होती. तिच्या प्रत्येक पानावर त्याने हाताने ‘वारंट’ लिहिले होते. वर तीन सिंह काढायचा प्रयत्न, ते सिंह मांजरांकडे झुकलेले. खाली रुपयाचे नाणे ठेवून पेन्सिलीने फिरवलेला गोल शिक्का. गुन्ह्याच्या जागी: ‘बायकोला न सांगता हसणे.’ दंडाच्या जागी: ‘सव्वा पायली ज्वारी.’ आणि आरोपीच्या नावाची ओळ सगळीकडे कोरी.

चित्रकला शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, त्या पानांत रेषेची जाण होती. अक्षरे कचेरीतल्या कारकुनाच्या वळणाची होती, पण प्रत्येक शब्दाचा शेवटचा काना जरा जास्तच लांब ओढलेला. सरकारी अक्षराची ती नक्कल होती आणि थट्टाही. पण मला अडवले ते त्या कोऱ्या ओळीने. जिथे उभे राहायचे ते दार, तिथला माणूस, त्याचा चेहरा हे सगळे त्या रिकाम्या जागेत भरायचे होते. स्केल्टनच्या कॅनव्हासवर जे मी शोधत होतो आणि क्वचितच सापडले, ते या वहीत पानोपानी होते.

एक आक्षेप इथे येणारच, आणि तो खरा आहे. विनोद हा नाशिवंतच असावा. त्याला काचेत का घाला? नागपुरात पोळ्याच्या पाडव्याला मारबतीबरोबर बडगे निघतात. वर्षभरातल्या पुढाऱ्यांची, महागाईची, भ्रष्टाचाराची टर उडवणारे पुतळे. कारागीर ते मेहनतीने करतात आणि मिरवणुकीनंतर ते जाळले जातात. जाळणे हाच त्या कलेचा शेवटचा हात आहे. बडग्या संग्रहालयात ठेवला तर तो बडग्या राहणार नाही. हे मला मान्य आहे. पण बडग्या दरवर्षी नवा होतो, कारण तो करणारे हात आणि तो पाहायला येणारी गर्दी अजून आहे. रायरंदाचे तसे राहिले नाही. त्याची मुले दुसऱ्या कामाला लागली, ते योग्यच झाले. भिक्षेवर जगणे कोणाच्या वाट्याला येऊ नये. शिवाय अनोळखी माणूस दारात येण्याचे दिवसही बदलले. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. खोट्या फौजदाराला पाहून हसायचे, तर दार उघडणाऱ्याच्या मनात थोडा विश्वास असावा लागतो. तो आटल्यावर सोंग घेणे जिवावरचे होते. जी कला पुन्हा होणार नाही, तिची साधने तरी राहावीत.

आता उत्तर. विद्यार्थ्याला मी लिहिले: स्केल्टन तुझ्या घरी कोणाला आठवत असेल, किंवा चेहरा वळवलेला एखादा विदूषक तुला नावाशिवायही आवडला असेल, तर घे; छापील असेल तर छापील म्हणून घे, आणि गुंतवणूक म्हणून घेऊ नकोस. पुढे आणखी एक लिहिले. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत, वाचनालयांत, जुन्या घरांत कोण्या सोंगाड्याच्या मिश्या, कोण्या दंडारीतले मुखवटे, कोण्या झडतीवाल्याची वही पडून असेल. तिला किंमत शून्य आहे, म्हणून ती आत्ताच मिळेल, आणि म्हणूनच ती आत्ताच जाईल.

मिळाली तर घरच्यांना विचारून, त्यांना मोबदला देऊन घ्यावी. तेही करता येत नसेल तर निदान फोटो काढून वस्तू त्यांच्याकडेच राहू द्यावी. मात्र तिच्याबरोबर चार ओळी लिहून ठेवाव्यात: कोणाच्या हातची, कोणत्या गावची, कोणत्या साली वापरली, आणि ती दाखवताना तो काय बोलायचा. ही चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. मिशी कापडाला शिवलेली असते, पण तिच्यावर कोण का हसले हे कोणी लिहिले नाही, तर आणखी वीस वर्षांनी ती पेटी उघडणाऱ्याला आत फक्त केस आणि पुठ्ठा दिसेल.